एका कानाची बातमी

भुताखेतांच्या अनुभवांचं हे सदर मी कित्येक वर्षांपासून वाचतो आणि दर वेळी वाचून झालं की बायकोला म्हणतो, लोकांना कामधंदा नाही. बाई रस्त्यात उभी होती, गाडीत बसली, वळणावर गायब झाली... अरे, गायबच व्हायचं होतं तर बसली कशाला? त्यामुळे आज मीच कागद पुढ्यात घेतलेला पाहून ती मघापासून हसते आहे. हसू दे. वय झालं माझं, आणि ही गोष्ट ज्यांच्यापासून लपवायची होती ती माणसं आता राहिली नाहीत.

आमच्या घरात भुताला जागा नव्हती. मी अनसिंगजवळच्या एका खेड्यातला. वडील नागपूरहून दीक्षा घेऊन परतले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. आल्या दिवशी त्यांनी देव्हारा उतरवला, माझ्या गळ्यातला ताईत तोडला आणि सगळं गाठोडं नाल्यात सोडून दिलं. नेमका त्याच आठवड्यात मला ताप भरला. शेजारच्या बाईने ओसरीत बसून निदान केलं – बाहेरचं आहे. आईचा चेहरा पडला. वडिलांनी मला पाठुंगळी घेऊन वाशीम गाठलं, गोळ्या आणल्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला. मग ते त्या बाईला शांतपणे म्हणाले, "वहिनी, भूत गोळीनं उतरते व्हय?"

पुढे मास्तर झाल्यावर हाच प्रश्न मी प्रत्येक वर्गात विचारला. पोरं हसायची, मला बरं वाटायचं. हे अशासाठी सांगतो की मी जिथं नोकरीला होतो तिथं मला सगळे 'भूत न मानणारा मास्तर' म्हणूनच ओळखत होते, आणि हीच ओळख पुढे माझ्या अंगलट आली.

बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. आपला भाग तेव्हा अकोला जिल्ह्यात होता. मानोऱ्याकडच्या बाजूला, अरुणावतीच्या एका वळणात ते गाव. तीन अंगांनी नदी आणि चौथ्या अंगाने खोल नाला. उन्हाळ्यात नाल्यात बकऱ्या चरायच्या, पण पावसाळ्यात नाला भरला की गावाचं बेट व्हायचं. कधी दोन दिवस, कधी पंधरा. गावाचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण सगळे म्हणायचे टापू. "कुठले तुमी?" "टापूवरचे." पाव्हण्यांना वाटायचं, काय समुद्रातून आले की काय. गाव तसं लहान नव्हतं. गुरुवारचा बाजार, सातवीपर्यंत शाळा, पिठाची गिरणी, सगळं होतं. फक्त पावसाळ्यात जगाशी संबंध नव्हता.

संबंध होता तो हाकेचा. गावाच्या वरच्या अंगाला नदी पसरट होऊन संथ वाहायची. तिथं आमच्या काठावर एक काळा खडक होता आणि समोरच्या काठावर मानोऱ्याच्या रस्त्याचा फाटा. फाट्यावर पुंजाजीचं चहाचं हाटेल. एसटी तिथवर यायची. एसटीतून जी बातमी येईल ती पुंजाजी काठावर येऊन ओरडून सांगायचा आणि आमच्याकडचा माणूस खडकावर बसून ऐकायचा. आधी तिकडून यायचं, "हो टापू...", मग इकडून जायचं, "बोल हो...". मी बदलून आलो तेव्हा हे पाहून हसलो होतो. तार खात्याचा एवढा खर्च कशाला, पुंजाजीलाच पगार द्या, असंही म्हणालो होतो.

पण त्या हाकेचे नियम कडक होते. ऐकलेली बातमी इकडून शब्द न् शब्द परत सांगायची, मग पुंजाजी "बराबर" म्हणायचा, तेव्हाच ती पक्की. आणि मुख्य म्हणजे ऐकायला दोन माणसं हवीत. एका कानाची बातमी गावात सांगायची नाही, हा जुन्या माणसांनी घालून दिलेला दंडक. त्यामुळे टापूवर माणसं एकमेकांना वाट्टेल त्या थापा मारत, पण हाक कधी खोटी निघाली नव्हती.

मी आल्यापासून त्यात एक भर पडली. शाळेतला एक जुना फळा मी ग्रामपंचायतीच्या भिंतीला लावून घेतला आणि हाकेवर आलेली बातमी त्यावर खडूने लिहायला लागलो. मानोऱ्याचा बाजार भरला नाही. कारंज्याकडची गाडी बंद. महादेव गवळी याची पाव्हण्यांकडे ठेवलेली म्हैस व्याली, रेडकू बरे आहे. लोक वाचायला यायचे, ज्यांना वाचता येत नव्हतं ते वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. दोन कानांपैकी एक माझा आणि दुसरा सीताराम कोतवालाचा, असं ठरून गेलं होतं. चोविसाव्या वर्षी गावाने एवढा विश्वास टाकावा, आणि तोही आमच्यातल्या पोरावर, याचा मला फार अभिमान होता. उगाच कशाला लपवू.

आता सरूमावशीचं सांगतो. ती कुणब्याची विधवा, चार एकर कोरडवाहू, शाळेच्या मागेच घर. दोन लेकरं लहानपणीच गेलेली, उरलेली एकुलती एक शेवंता. शेवंताला मानोऱ्याच्या पलीकडे दिली होती आणि तिचं पहिलं बाळंतपण आलं होतं. पहिलटकरणीला माहेरी आणायची आपली रीत. मावशीने ठरवलं, भरल्या पाण्यातून पोटुशी पोर कशाला आणायची, पोळा झाला की पाणी उतरतं, मग आणू. दर वर्षी उतरायचं. त्या वर्षी पोळा झाला आणि पाणी चढलं.

पोळ्यानंतर चौथ्या दिवशी दुपारी पुंजाजीची हाक आली. मी आणि सीताराम दोघेही खडकावर होतो. शेवंताला कळा सुरू झाल्या आहेत, पोर आडवं आहे, तिचा दीर सायकलवर फाट्यापर्यंत येऊन सांगून गेला, मायला पाठवा. आम्ही शब्द न् शब्द परत सांगितलं. "बराबर," पुंजाजी म्हणाला. ती बातमी मी फळ्यावर लिहिली नाही. सरळ मावशीच्या घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मावशी घाटावर. टापूवर नाव नव्हती. गुऱ्हाळातली गूळ करायची लोखंडी कढई होती, ती पाण्यात सोडायची, दोन माणसं बसायची आणि धोंडू भोई पोहत पोहत ती पलीकडे लोटायचा. साध्या पाण्यात ते जमायचं. त्या दिवशीचं पाणी साधं नव्हतं, लाल, फुगलेलं, मध्ये भोवरे. धोंडू म्हणाला, आज नाही. मावशी म्हणाली, तू नको येऊ, मी एकटी बसते, कढई सोडून दे. सरपंच आले, बायका आल्या, सगळ्यांनी समजावलं. ती ऐकेना. एकच म्हणत होती, मी तिला पोळ्यापर्यंत थांबवली, मी थांबवली. शेवटी बारा वाजायच्या सुमाराला धोंडू उठला, कंबर कसली आणि दोर आणायला सांगितला. त्याच्याही घरी दोन पोरी होत्या.

पलीकडून दोर धरायला माणसं लागणार होती, म्हणून पुंजाजीला सांगायला मी खडकाकडे निघालो. सीतारामला सरपंचांनी घाटावरच ठेवून घेतलं, कारण मावशीला धरून ठेवायला माणूस हवा होता. मी एकटा गेलो. झिमझिम पाऊस होता, पण भर दुपारची वेळ, उजेड चांगला होता. घाईत मला दंडक-बिंडक काही आठवला नाही.

खडकावर चढून मी तोंड उघडणार, तेवढ्यात पलीकडूनच हाक आली – "हो टापू..."

समोरच्या बाभळीखाली पोत्याचा घोंगता पांघरलेला माणूस उभा होता. पुंजाजीच असणार. पावसात तो असाच उभा राहायचा. मी म्हणालो, "बोल हो..." आवाज आला, संथ, प्रत्येक शब्द सुटा सुटा. सरूबाईले सांगा. शेवंताले पोरगी झाली. माय अन् पोर दोघीबी खुशाल हायत. सरूबाईनं पान्यात पाय घालू नोको.

मी मोठ्याने परत सांगितलं. "बराबर," असं उत्तर आलं. मग थोडं थांबून तो म्हणाला, "पोरीचं नाव लिली."

मला हसू आलं. आमच्याकडे पोरींची नावं सुमन, शोभा, पंचफुला, फार तर बेबी. आणि नाव ठेवतात बाराव्या दिवशी. मी विचारलं, "लिली?" तो म्हणाला, "लिली. बराबर." मी हात वर केला आणि घाटाकडे पळत सुटलो. मागे वळून पाहिलं नाही, पाहायचं कारणही नव्हतं.

घाटावर कढई पाण्यात होती आणि मावशीने एक पाय आत ठेवला होता. मी धापा टाकत सांगितलं. नावाचं सोडून सगळं सांगितलं, कारण ते मला पोरकट वाटलं, आणि त्या क्षणी त्याची गरजही नव्हती. मावशीने माझे दोन्ही खांदे धरले.

"शेवंता बी?"

"शेवंता बी, मावशी. दोघी खुशाल हायत."

"पुंजाजीच होता?"

"पुंजाजीच होता," मी म्हणालो.

या सगळ्यात मी त्या दिवशी एवढंच काय ते माहीत नसताना बोललो. मी घोंगता पाहिला होता, तोंड पाहिलं नव्हतं.

मावशी तिथेच चिखलात बसली आणि रडता रडता हसायला लागली. धोंडूने कंबरेचं फडकं सोडलं आणि कढई ओढून काठाला बांधली. बायकांनी मावशीला घरी नेलं. थोड्या वेळाने ती पदरात गूळ घेऊन बाहेर पडली आणि घरोघर वाटत सुटली. मी फळ्यावर लिहिलं – सरूबाई यांची कन्या शेवंता हिला कन्यारत्न, दोघी सुखरूप. चांगल्या वळणदार अक्षरात लिहिलं.

गूळ अजून तोंडात होता तोच घाटाकडून आरडाओरडा ऐकू आला. वरून लोंढा आला होता. मुळासकट उपटलेली दोन झाडं त्यात होती. बांधलेली कढई, दोर, घाटाच्या खालच्या पायऱ्या, सगळं त्याने नेलं. धोंडू काठावर उभा राहून नुसता पाण्याकडे पाहत होता. मघाशी निघालो असतो तर या घडीला मधोमध असतो, एवढंच तो म्हणाला आणि घरी जाऊन झोपला.

पाणी उतरायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी शेवंताचा दीर नाला ओलांडून आला. त्याने डोक्याला टापशी बांधलेली नव्हती, डोकं भादरलेलं होतं. पाहिल्यावर काही विचारायची गरज उरली नाही.

शेवंताला पोरगी झाली होती हे खरं. पण ती झाली दिवे लागायच्या वेळी. मी फळ्यावर लिहिलं ते भर दुपारी. पोरगी झाल्यावर शेवंताचं रक्त थांबलं नाही आणि तासाभरात ती गेली. नर्सबाई चिखलातून पायी आली होती, तिने खूप केलं, पण इलाज चालला नाही.

मी त्याच पावली पलीकडे पुंजाजीकडे गेलो. तो म्हणाला, "मास्तर, मी त त्या दिवशी सकाळीच मानोऱ्याले गेलतो. वाटेतल्या नाल्याले पूर आला, दोन दिवस तिथंच अडकलो." त्या दोन दिवसांत हाटेलाला कुलूप होतं, घोंगता आत खुंटीवर होता. दोन दिवस एसटी आली नव्हती, फाट्यावर चिटपाखरू नव्हतं. मी आजूबाजूच्या शेतांतून फिरलो, सालदारांना विचारलं, तांड्यावर जाऊन विचारलं. त्या दुपारी नदीकाठी कुणी गेलेलंच नव्हतं. आणि गेलं असतं तरी, जे तोवर घडलंच नव्हतं ते कोण कसं सांगणार?

गावाने मात्र आपला उलगडा एका दिवसात करून टाकला. मास्तर खोटं बोलला. म्हातारीला वाचवायला बोलला, चांगलंच केलं, पण बोलला. मी सरपंचांना सगळं सांगितलं. ते भले गृहस्थ, माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाले, "मास्तर, अशी गोष्ट नसते म्हून तुमीच त पोराईले शिकवता. मंग आता आमाले काहून हे सांगता?"

भूत म्हणालो असतो तर माझ्या बापाचं आणि माझं सगळं शिकवणं पाण्यात गेलं असतं. आणि भूत म्हणावंसं मला वाटतही नव्हतं. कुणी रागावलं नाही, उलट धोंडूच्या बायकोने घरी बोलावून जेवू घातलं. फक्त पुढच्या हाकेच्या वेळी मी खडकावर गेलो तर सीतारामबरोबर गिरणीवाला बसला होता. मला पाहून दोघेही जरा सरकले, पण उठले नाहीत. मी परत फिरलो. फळा पुढे चालू राहिला, अक्षर दुसऱ्याचं होतं. त्याचं मला किती लागलं हे आज लिहितानाही कळतंय.

दिराबरोबर तिकडे गेलेली सरूमावशी महिन्याभराने पोरीला घेऊन परतली. बापाने दुसरं लग्न ठरवलं होतं, पोर आजीकडे दिली. मी घाटावर होतो. बायका भोवती जमल्या, कुणीतरी नाव विचारलं. मावशी म्हणाली, "लिली."

बायका हसल्या. मावशीने सांगितलं की ती नर्सबाई केरळाकडची, तिचं नाव लिली. जाता जाता शेवंता म्हणाली होती, हिले या बाईचंच नाव ठेवा. सीताराम शेजारी होता, त्याला म्हणालो, हे नाव मला त्या दुपारी सांगितलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला माझी दया आली हे मला स्पष्ट दिसलं. आता कोण विश्वास ठेवणार... दुसरा कान नव्हता, आणि फळ्यावर मी ते लिहिलं नव्हतं.

मी स्वतःला सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं आहे, हे आवर्जून सांगतो. सकाळपासून घाटावर जे चाललं होतं त्याने माझं डोकं भणाणलं होतं. मावशीने त्या कढईत बसू नये असं मला मनापासून वाटत होतं. अशा वेळी माणसाच्या कानाला जे ऐकायचं ते ऐकू येतं, हे मला मान्य आहे. लिली नावाचं फूल असतं हेही मला माहीत होतं. पण माझं मन एवढं हुशार असेल तर ते नेमकं हेच नाव कुठून काढेल? ज्या बाईला मी कधी पाहिलं नाही, जी तेव्हा कदाचित वाटेतच चिखल तुडवत होती, तिचं? इथे येऊन माझी गाडी पन्नास वर्षं अडकलेली आहे.

आणि दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे. पोरगी झाली हे खरं, नाव खरं, पाण्यात पाय घालू नका हेही खरंच. मग शेवंता खुशाल आहे, एवढंच खोटं का?

हे मला सुचण्याआधी सरूमावशीला सुचलं होतं.

परत आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी, प्रार्थनेच्या आधी, ती पोरीला घेऊन शाळेच्या पडवीत आली आणि पायरीवर बसली. म्हणाली, "मास्तर, लोक म्हनते तुमी खोटं बोलले. तुमी म्हनता हाक आली होती. काय असन थे मले एकडाव सांगून द्या."

मला बरं वाटलं. निदान एक माणूस विचारत होतं. मी सगळं सांगितलं, बाभळीखालचा घोंगता, ते सुटे सुटे शब्द, आणि नावसुद्धा. नाव सांगितल्यावर तिचा हात पोरीच्या अंगावर थांबला.

"नाव बी सांगतलं होतं?"

"हो मावशी. लिली म्हणाला. दोनदा म्हणाला."

पोरं अंगणात जमत होती. मग ती बोलली, माझ्याकडे न पाहता, खालच्या आवाजात.

"तुमी खोटं बोलले असान त मले समजते, मास्तर. म्हातारी मरन म्हून बोलले. त्याचा मले राग नाई. पन तुमी नसान बोलले, त मंग कोन बोललं? मायी पोरगी तिकडं वरडून राह्यली होती अन् मी इकडं दारोदार गूळ वाटून राह्यली होती. ज्याले नाव ठाऊक, त्याले ती मरनार हे ठाऊक नसन का? ठाऊक असून त्यानं माया हातानं गूळ वाटवला. त्याच्यासंगं मी कुठं जाऊन भांडू? त्याले मी माफ कशी करू?"

दोन महिन्यांत ती अर्धी झाली होती आणि मांडीवर पावणेदोन महिन्यांचं लेकरू. मी सांगितलेलं खरं तिला आतून खात होतं, आणि आयुष्यभर खाणार होतं, हे मला तिथं बसल्या बसल्या दिसलं. वडील आठवले, खरं बोलावं म्हणून त्यांनी मला दिलेला मारही आठवला.

मी म्हणालो, "मावशी, मी खोटं बोललो."

तिने वर पाहिलं.

"हाक-बिक काही आली नव्हती. तुम्हाला अडवायचं होतं, म्हणून मी मनानंच सांगितलं. लोकांसमोर लाज वाटली म्हणून हाकेचं लावून धरलं."

"अन् नाव?"

"ते आत्ता जोडलं. घाटावर तुम्ही सांगितलं तेव्हा ऐकलं होतं. तुमचा विश्वास बसावा म्हणून जोडलं."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मग तिचे खांदे खाली आले. मोठा श्वास सोडून म्हणाली, "मंग ठीक हाय. मी माफ केलं तुमाले." आणि सुटलेलं लुगडं नीट खोचायला उठली, तेव्हा पोर माझ्या पुढे धरून म्हणाली, "धरा हिले जरा." पहिल्या वर्षी हीच मावशी मला चहाचा कप हातात न देता ओट्यावर ठेवायची. मी लिलीला घेतलं. फार हलकी होती.

मावशी पुढे वीस-बावीस वर्षं जगली. लिली माझ्याच हाताखाली सातवी झाली, तिचं नाव शाळेच्या रजिस्टरात मीच घातलं. आता ती पुसदला असते, तिलाही नातवंडं आहेत. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात भेटली, तर सुनेला ओढत घेऊन आली आणि म्हणाली, हे ते मास्तर, ज्यांनी खोटं बोलून माझ्या आजीला वाचवलं. सून पाया पडली. मी आशीर्वाद दिला आणि जेवायच्या पंगतीकडे निघून गेलो.

लिली, हे तुझ्या वाचनात आलं तर रागावू नकोस. मी तुझ्या आजीशी एकदाच खोटं बोललो, पण ते त्या दुपारी नाही, पडवीत. हाक मी ऐकली होती. ती कुणाची होती, तिला तुझं नाव कसं माहीत होतं आणि तुझ्या आईचंच तेवढं खोटं का सांगितलं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. भूत मी अजूनही मानत नाही, आणि मानलं असतं तरी त्याने हे प्रश्न सुटले नसते. मलाही कधी कधी त्या बाभळीखालच्या माणसाशी भांडावंसं वाटतं. सरूमावशीजवळ माफ करायला निदान मी तरी होतो.